सिस्टिम ॲनालिसिस आणि डिझाइन: सोलापूरच्या कारखानदारांचे (आणि कॉलेजच्या पोरांचे) नेहमीचे प्रश्न

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी मी सॉफ्टवेअरच्या आधीचं काम करतो. प्रोग्रामरच्या हातात कीबोर्ड जायच्या आधी कारखाना कागदावर उतरवायचा, एवढंच ते काम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चहा पिताना मालक जे विचारतात आणि प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेनंतर कॉलेजच्या कट्ट्यावर पोरं जे विचारतात, त्यात फारसा फरक नसतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकलं. प्रश्न जसे आठवले तसे घेतले आहेत.

सिस्टिम ॲनालिसिस म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?

कारखान्यात काम कसं चालतं ते बघतो, विचारतो, कागदावर मांडतो आणि ज्याचं काम आहे त्यालाच दाखवून विचारतो, "असंच आहे ना?" हे ॲनालिसिस. यातलं काय संगणकावर न्यायचं, कोणत्या तक्त्यात काय साठवायचं, कोणाच्या पुढ्यात कोणता स्क्रीन उघडायचा, हे ठरवणं म्हणजे डिझाइन.

दोन्ही गोष्टी तोंडी वेगळ्या ठेवणं सोपं आहे. प्रत्यक्षात दिवाणजी अडचण सांगता सांगता "इथं एक हिरवं बटण द्या" म्हणतात. ते बटण मी वहीच्या मागच्या पानावर लिहितो आणि विचारतो, "बटण दाबून तुम्हाला कळायला काय हवंय?" पुढच्या पानावर त्याचं उत्तर जातं.

मालकाला सगळा धंदा तोंडपाठ आहे. मग पुन्हा कारखान्यात फिरायचं कशाला?

माझ्या सुरुवातीच्या एका कामात मीही हाच विचार केला होता. टॉवेलचा कारखाना. मालकांनी केबिनमध्ये बसवून दोन तासांत सगळं सांगितलं: सूत येतं, गोदामात पडतं, मागावर जातं, टॉवेल होतात, धुऊन येतात, शिलाई होते, गठ्ठे बांधून गाडीत. मी ते जसंच्या तसं उतरवलं आणि प्रोग्राम तयार झाला. गोदामातून निघालेलं सूत वजा, तयार माल जमा.

तीन महिन्यांनी स्टॉक जुळेना. संगणकाच्या हिशोबाने सूत वापरून संपलं होतं, पण तेवढे टॉवेल कुठे दिसत नव्हते. मालकांना चोरीचा वास आला. बिचाऱ्या वॉचमनला काही कारण नसताना बोलणी खावी लागली.

एका संध्याकाळी पाळी बदलताना मी मागांच्या मधे जाऊन उभा राहिलो. जॉबरने, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाने, शर्टाच्या खिशातून रबर लावलेली छोटी डायरी काढली आणि उभ्या उभ्या काहीतरी खरडलं. पानावर मागाचे नंबर होते आणि प्रत्येक नंबरापुढे दोन-दोन आकडे. आकडे आपले, शब्द तेलुगू. मी विचारलं, "मामा, हे काय लिहिता?"

"अर्धी बिमं हायत साहेब. क्वालिटी बदलली की उतरवून ठेवायची. परत तीच ऑर्डर आली की चढवायची."

त्याने भिंतीकडे बोट केलं. खडूने नंबर टाकलेली अकरा बिमं, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले मोठे रूळ, तिथे उभी होती. नाहीशा झालेल्या सुतातलं बरंचसं त्यांच्यावरच गुंडाळलेलं होतं. उरलेलं बाहेर ब्लीचिंगला गेलं होतं, त्याबद्दल पुढे येईलच. मी धावत केबिनमध्ये गेलो, तर मालक म्हणाले, "अहो, ते तर असतंच की!"

जे "असतंच", ते कोणी सांगत नाही. मालकांनी काही लपवलं नव्हतं. मी विचारलं नाही आणि बघायला गेलो नाही, चूक माझी. प्रोग्राम निम्मा मोडून पुन्हा लिहिला, आणि त्या कामाचे पैसे मागायचा मला धीर झाला नाही.

स्ट्रक्चर्ड आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, सिस्टिम मांडायच्या या दोन पद्धतींत फरक काय? पुस्तकातली व्याख्या नको.

मग त्या डायरीवरूनच सांगतो.

स्ट्रक्चर्ड पद्धतीचा माणूस कारखान्यात शिरला की विचारतो: काय कुठून कुठे जातं? वाटेत त्याचं काय होतं, आणि ते कुठे थांबून राहतं? त्याच्या दृष्टीने ती डायरी हा माहितीचा साठा आहे. गोदामाची वही एक साठा, तयार मालाची वही दुसरा, आणि माझ्या आराखड्यातून सुटलेला तिसरा साठा जॉबरच्या खिशात. काम एका बाजूला आणि माहिती दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी. "शिल्लक सूत मोजणे" ही एक प्रक्रिया होते. ती साठ्यातून आकडे उचलते, हिशोब करते आणि उत्तर पुढे देते.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड माणूस तिथेच उभा राहून विचारतो: इथे कोण कोण आहे? कोणाला काय माहीत आहे, आणि कोणती जबाबदारी कोणाची? त्याला डायरीच्या आधी भिंतीजवळची बिमं दिसतात. बीम ही एक वस्तू. तिला नंबर आहे, तिच्यावर कोणत्या काऊंटचं (जाडीचं) सूत आहे, किती तारा आहेत, किती मीटर ताणा उरला आहे, हे सगळं तिचं तिला ठाऊक. मग "तुझ्यावर किती किलो सूत आहे?" हा प्रश्न थेट बिमालाच विचारायचा. माहिती आणि तिच्यावरचं काम एकाच पुडीत बांधलेलं.

हिशोब दोन्हीकडे तोच आहे. समजा २० काऊंटचं सूत, ताण्याच्या २,००० तारा आणि १०० मीटर शिल्लक. २,००० गुणिले १०० म्हणजे २ लाख मीटर, अर्थात २०० किलोमीटर सूत. २० काऊंटचं सूत किलोमीटरला साधारण साडेएकोणतीस ग्रॅम भरतं. म्हणजे त्या बिमावर जवळजवळ ५.९ किलो सूत आहे. सायझिंगची खळ वजनात धरायची की नाही, हा वेगळा वाद. तो दिवाणजी आणि जॉबर यांनी माझ्यासमोर अर्धा तास घातला.

हे सूत्र लिहायचं कुठे, एवढाच फरक राहतो. तो किरकोळ वाटतो. पण उद्या मालकांनी पॉलिस्टर मिक्स सूत आणलं आणि मोजायची रीत बदलली, तर सूत्र एका जागी बदलायचं की अकरा जागी, हे त्याच फरकावर ठरतं.

डीएफडी (डेटा फ्लो डायग्राम, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते त्याचा आराखडा) काढायचा कसा? सुरुवात कुठून करू?

हद्दीपासून. कोऱ्या कागदाच्या मधोमध एकच गोल काढा आणि आत लिहा "टॉवेल कारखान्याची व्यवस्था". भोवती चौकटीत बाहेरचे लोक: सूत व्यापारी, गिऱ्हाईक, ब्लीचिंगवाला, बँक, जीएसटीचं पोर्टल. त्यांच्याकडून काय येतं आणि त्यांच्याकडे काय जातं, तेवढेच बाण. हा कॉन्टेक्स्ट डायग्राम. जॉबर, दिवाणजी, फोल्डिंगच्या बायका यांना बाहेरच्या चौकटीत बसवू नका. ते आतले आहेत आणि त्यांची कामं गोलाच्या आत उलगडणार आहेत.

मग तो गोल फोडायचा. ऑर्डर घेणे, सूत देणे, बीम भरणे, विणणे, धुलाईला पाठवणे, तपासून गठ्ठा बांधणे, बिल करणे. प्रत्येक गोलाच्या नावात क्रियापद हवंच. "गोदाम" असं लिहिलेला गोल दिसला की समजायचं, काढणाऱ्याला तिथे काय चालतं ते कळलेलं नाही.

मी स्वतः प्रत्येक डीएफडीवर चार गोष्टी तपासतो. ज्या गोलात नुसते बाण शिरतात आणि बाहेर काहीच येत नाही, ते काळं विवर. ज्यातून माहिती बाहेर पडते पण आत काही जातच नाही, तो चमत्कार. दोन साठ्यांच्या मधे थेट बाण नको. एका वहीतून दुसऱ्या वहीत आकडा आपोआप उडी मारत नाही, कोणीतरी तो उतरवतो, आणि तो उतरवणारा म्हणजेच प्रक्रिया. चौथी गोष्ट तोल: वरच्या आराखड्यात बाहेरून जे बाण येतात-जातात, तेच खालच्यातही दिसले पाहिजेत.

माझ्या पहिल्या आराखड्यात हे चारही नियम पाळलेले होते, बरं का. तरी तो चुकला. नियम फक्त काढलेल्याची चूक पकडतात, राहून गेलेल्याची पकडत नाहीत.

ब्लीचिंगचंही तसंच झालं. माल जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर जातो तेव्हा तो विकलेला नसतो आणि आपल्याकडेही नसतो. त्यासाठी "बाहेर असलेला माल" असा वेगळा साठा लागतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा वा अर्धवट माल वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच पुढे विकला जावा लागतो. त्यामुळे त्या साठ्यात पाठवल्याची तारीख हवीच. आणि धुऊन आलेल्या टॉवेलचं वजन घटलेलं असतं. गेलं किती आणि आलं किती, हे नुसत्या किलोत ताडून बघाल तर दर गाडीला भांडण होईल. तिथे नगही मोजा.

डेटा डिक्शनरी, म्हणजे कोणत्या शब्दात काय काय धरायचं त्याची यादी, खरंच लागते का? कोणी वाचतं का ती?

वाचत कोणी नाही. भांडण झालं की मात्र सगळे उघडतात.

"गठ्ठा" म्हणजे किती नग? हा प्रश्न एकाच कारखान्यात मी तिघांना विचारला आणि तीन उत्तरं मिळाली. तिघंही बरोबर होते, कारण गिऱ्हाईकाप्रमाणे गठ्ठा बदलत होता. ते डिक्शनरीत लिहिलं, म्हणून "प्रति गठ्ठा नग" हा रकाना गिऱ्हाईकाच्या नोंदीत गेला. नाहीतर प्रोग्रामरने कुठेतरी ठोकून एक आकडा बसवला असता.

लिहायची रीत सोपी आहे. बरोबरचं चिन्ह म्हणजे "यात येतं", अधिक म्हणजे "आणि", चौकोनी कंसातली उभी रेघ म्हणजे "यांपैकी एक", आणि साधा कंस म्हणजे "असलं तर":

बीम-नोंद = बीम क्रमांक + [ग्राऊंड | पाईल] + काऊंट + तारांची संख्या + मूळ लांबी + शिल्लक लांबी + [मागावर | उतरवलेलं | रिकामं] + (माग क्रमांक)

एका ओळीत जॉबरची अख्खी डायरी बसली. (ग्राऊंड-पाईल म्हणजे काय, ते पुढे येईलच.)

डिसिजन टेबल, म्हणजे अटी आणि त्यांची उत्तरं मांडलेला तक्ता, कधी वापरायचं?

जेव्हा दिवाणजी "त्याचं असं आहे बघा, जर..." म्हणून सुरुवात करतात आणि तिसऱ्या "जर"ला तुमची वाट चुकते, तेव्हा.

जीएसटीचंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांचे टप्पे बदलले. चादर-टॉवेलसारख्या तयार कापडी वस्तूंना नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. त्याआधी ही सीमा १,००० रुपयांची होती आणि वरचा दर १२ टक्के. दुसरी अट राज्याची. माल महाराष्ट्रातच राहिला तर कर केंद्र आणि राज्य यांत निम्मा-निम्मा, बाहेर गेला तर एकत्र आयजीएसटी. दोन अटी, प्रत्येकीची दोन उत्तरं, म्हणजे चार रकाने:

२,५०० पर्यंत, महाराष्ट्रात: २.५ + २.५
२,५०० पर्यंत, बाहेर: आयजीएसटी ५
२,५०० च्या वर, महाराष्ट्रात: ९ + ९
२,५०० च्या वर, बाहेर: आयजीएसटी १८

हा तक्ता दिवाणजींपुढे ठेवला आणि ते लगेच म्हणाले, "आणि हैदराबादच्या पार्टीने पुण्याच्या दुकानात माल टाकायला सांगितला तर?" बिल एकाच्या नावावर, माल दुसऱ्याच्या दारात. अशा वेळी ज्याने माल टाकायला सांगितला त्याचं राज्य धरलं जातं, म्हणजे गाडी महाराष्ट्राबाहेर न जाताही आयजीएसटी. तोंडी बोलण्यात ही गोष्ट दोन बैठकांत आली नव्हती. रिकामी चौकट पाहिली आणि माणसाला अपवाद आठवला, हाच या तक्त्याचा खरा उपयोग.

दर आणि सीमा कधीही कोडमध्ये लिहू नका. तक्त्यात ठेवा आणि सोबत "या तारखेपासून" असा रकाना द्या. ज्यांनी तसं केलं होतं त्यांनी २२ तारखेला दोन ओळी भरल्या आणि कामाला लागले. बाकीचे प्रोग्रामरला फोन लावत बसले.

यूएमएलचे (युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजे सिस्टिमचे आराखडे काढायची ठरलेली चिन्हभाषा) चौदाही आराखडे काढावे लागतात का?

नाही. छोट्या कारखान्याला माझे चार पुरतात: यूज केस (कोण कोणतं काम करून घेतो), क्लास (वस्तूंचे प्रकार आणि त्यांची नाती), सिक्वेन्स (कोण कोणाला कोणत्या क्रमाने काय सांगतो) आणि स्टेट (वस्तूची अवस्था कशी बदलते). बाकीचे गरज पडली तर.

क्लास शोधायचे कसे? नामं अधोरेखित करायला शिकवलंय, पण खूपच निघतात.

निघू द्या, मग चाळा. ज्याला स्वतःची ओळख आहे, ज्याची अवस्था बदलते आणि ज्याबद्दल उद्या कोणीतरी प्रश्न विचारणार आहे, ते ठेवा. "रंग" हे नाम आहे, पण तो बहुतेक वेळा टॉवेलचा नुसता गुणधर्म असतो. "बीम" हा पक्का क्लास.

मग नाती. टेरी टॉवेल विणायला मागावर दोन बिमं लागतात, ग्राऊंडचं आणि पाईलचं. टॉवेलचे लूप पाईलच्या ताण्यातून होतात, म्हणून ते बीम लवकर संपतं आणि ग्राऊंडचं मागे उरतं. डायरीत प्रत्येक मागापुढे दोन आकडे का होते, ते आता कळलं असेल. क्लास डायग्राममध्ये माग आणि बीम यांच्या रेघेवर, बिमाच्या टोकाला "० ते २" लिहायचं, मागाच्या टोकाला "० किंवा १". कॉलेजच्या बऱ्याच प्रोजेक्टमध्ये इथे डोळे मिटून "एकास अनेक" ठोकलेलं असतं. रेघेवरचे हे बारीक आकडे म्हणजे धंद्याचे नियम आहेत. ते चुकले तर स्क्रीनवर एकाच मागाला पाच बिमं चढतील आणि संगणक चकार शब्द काढणार नाही.

वारसा, म्हणजे इनहेरिटन्स, जपून वापरा. "तयार माल" वर, खाली "टॉवेल", "चादर", "नॅपकिन", इथपर्यंत ठीक. एका पोराने त्याखाली "फर्स्ट टॉवेल" आणि "सेकंड टॉवेल" असे क्लास काढले होते. तपासणीत डाग दिसला म्हणून सेकंडला टाकलेला टॉवेल पुन्हा धुतला आणि डाग गेला, तर? वस्तू जन्मभर आपला क्लास बदलत नाही. फर्स्ट-सेकंड ही अवस्था आहे. ती स्टेट डायग्राममध्ये काढा.

मग दोन्हीतली चांगली पद्धत कोणती?

माझा कल सांगतो. मालक आणि दिवाणजींशी बोलायला डीएफडी, कारण बाण कोणालाही वाचता येतो. पडद्यामागे प्रोग्राम बांधायला क्लास. कागदांचा प्रवास हेच जिथे मुख्य काम आहे, म्हणजे पगार, बिलं, खतावणी, तिथे स्ट्रक्चर्ड पद्धत आणि नीट नॉर्मलाइझ केलेले (एक माहिती एकाच जागी ठेवलेले) तक्ते आजही छान चालतात. बीम, लॉट, माग यांसारख्या गोष्टी स्वतःचं आयुष्य जगतात, अवस्था बदलतात, तिथे ऑब्जेक्टची भाषा जास्त जवळची वाटते.

दोन्ही एकत्र वापरू नयेत असं काही गुरुजन सांगतात. डीएफडीतला प्रत्येक गोल म्हणजे एक क्लास, असं यांत्रिक भाषांतर केलं तर "बिल-करणारा", "सूत-देणारा" असले विचित्र क्लास जन्माला येतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. मी तसं करत नाही. डीएफडी मी कारखाना समजून घ्यायला काढतो, मग बाजूला ठेवतो.

हे सगळं आलं कुठून?

थोडक्यात सांगतो, परीक्षेला विचारतात म्हणून. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं. १९७४ मध्ये स्टीव्हन्स, मायर्स आणि लॅरी कॉन्स्टंटाईन यांच्या लेखातून कपलिंग (प्रोग्रामचे भाग एकमेकांवर किती अवलंबून) आणि कोहिजन (एका भागातली कामं किती एकजिनसी) हे शब्द रूढ झाले. १९७६ मध्ये पीटर चेन यांचं एंटिटी-रिलेशनशिप (ईआर) मॉडेल आलं, साठवायच्या गोष्टी आणि त्यांची नाती दाखवणारं. त्याच दशकाच्या अखेरीला टॉम डीमार्को, एड योर्डन, ख्रिस गेन आणि ट्रिश सारसन यांनी डीएफडीची पद्धत घडवली. डीमार्कोंकडे प्रक्रियेला गोल, गेन-सारसनकडे कोपरे गोलावलेली चौकट, एवढा चिन्हांचा फरक लक्षात ठेवा.

ऑब्जेक्टची मुळं त्याहून जुनी आहेत. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला भाषा केली, पुढे ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं स्मॉलटॉक आलं. १९९० च्या दशकात ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांनी आपापल्या खुणा एकत्र केल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये यूएमएल हे प्रमाण म्हणून स्वीकारलं गेलं.

आणि आपला हक्क सांगायचा तर जकार्ड आहेच. जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग केला. भोकांची तीच कल्पना हर्मन हॉलेरिथ यांच्या कार्डांमधून १८९० च्या अमेरिकी जनगणनेत मोजणीला आली आणि पुढे संगणकात शिरली. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डने उठते, तिथे पुठ्ठ्यांची माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी. यंत्र तेच, आज्ञा वेगळ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकर वस्तीतल्या, ज्या पोरांनी लहानपणी ती माळ फिरताना पाहिलीय, त्यांना प्रोग्राम म्हणजे काय हे वेगळं सांगायला लागू नये.

आमच्याकडे टॅली आहे, एक्सेल आहे. पुरत नाही का?

हिशोबाला पुरतं. भिंतीजवळच्या अकरा बिमांचं काय, ते मात्र तुम्हीच त्यात भरल्याशिवाय त्यालाही कळणार नाही.

तयार पॅकेज घ्यावं की बनवून घ्यावं?

तयार मिळत असेल तर तयारच घ्या. पण विक्रेत्याला बोलावण्याआधी स्वतःचा डीएफडी आणि डिक्शनरी हातात असू द्या. डेमोत सगळं गोड दिसतं. तेव्हा विचारायचं: "अर्धं बीम उतरवलं, ते कुठे नोंदवू? गिऱ्हाईकाप्रमाणे गठ्ठा बदलतो, कुठे टाकू?" सगळंच बसणार नाही. जे बसत नाही त्यातलं काय आपण बदलू शकतो आणि काय धंद्याचा कणा आहे, हे मालकांनी ठरवायचं.

कामगार मोकळेपणी बोलत नाहीत. काय करावं?

मालकासोबत जाऊ नका, ही पहिली गोष्ट. मालक शेजारी उभा असेल तर सगळं नियमाप्रमाणेच चालतं. वही-पेन घेऊन थेट प्रश्नही नको. पाळी बदलताना जा, उभे राहा, बघा. चिठ्ठ्या, भिंतीवरचे खडूचे आकडे, कॅलेंडरच्या तारखेवर पेनाने मारलेली फुली, खिळ्याला अडकवलेली चलनं, हे सगळे माहितीचे साठे आहेत. खिळ्याचा फोटो काढायच्या आधी मात्र विचारा.

भाषेचंही बघा. सोलापुरात एका शेडमध्ये तेलुगू, कन्नड, मराठी आणि हिंदी सहज ऐकू येतात. प्रश्न मराठीत विचारला तर उत्तर मराठीत मिळेल, पण कामाचा खरा शब्द माणूस आपल्याच भाषेत वापरतो. तो शब्द विचारून घ्या आणि डिक्शनरीत समानार्थी म्हणून टाका. स्क्रीनवर तोच दिसला तर नवीन प्रोग्रामची भीती निम्मी जाते.

आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत मुलाखती ठरवू नका. मी ठरवल्या होत्या. सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांपुढे आपली अपॉइंटमेंट कोण लक्षात ठेवणार?

अजाईलच्या (थोडं थोडं काम करून दाखवत जायच्या पद्धतीच्या) काळात एवढा कागद कशाला?

एवढा नकोच. कॉन्टेक्स्ट डायग्राम, एक पातळी डीएफडी, डिक्शनरी आणि मुख्य क्लास, एवढं आधी. बाकी दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत काम दाखवत वाढवायचं. अजाईल म्हणजे न विचारता सुरुवात करणं नव्हे, एवढीच माझी तक्रार आहे.

एआयला सांगितलं तर तो पाच मिनिटांत सगळे आराखडे काढून देतो!

देतो, आणि सुबक देतो. टॉवेल कारखान्याचा डीएफडी मी त्याच्याकडून काढून बघितला. सूत गोदाम होतं, तयार माल होता, मधे विणाई. माझ्या पहिल्या आराखड्यासारखाच, आणि भिंतीजवळची बिमं त्यातही नव्हती. टंकलेखनाला, तोल तपासायला, राहिलेले प्रश्न सुचवायला मी तो वापरतो. पाळी बदलताना त्याला शेडमध्ये नेता येत नाही.

तोंडी परीक्षेत मार्क कुठे जातात?

"लॉगिन करणे" हीच मुख्य यूज केस दाखवली की परीक्षकाचा चेहरा पडतो. लॉगिन करायला कारखान्यात कोणी येत नाही, बिल करायला येतं. इन्क्लूड (दर वेळी लागणारं उपकाम) आणि एक्स्टेंडच्या (कधीतरीच लागणारं जादा काम) बाणांची दिशा उलटी निघते: इन्क्लूडचा बाण मूळ यूज केसकडून समाविष्ट होणाऱ्या केसकडे, एक्स्टेंडचा वाढीव केसकडून मूळ केसकडे. डीएफडीत "जर" आणि "तर" घुसतात. तो फ्लोचार्ट नाही, त्यात क्रम आणि निर्णय नसतात. आणि ईआर डायग्रामलाच क्लास डायग्राम असं नाव देऊन चिकटवलेलं असतं. क्लासच्या चौकटीत तिसरा, म्हणजे त्या क्लासची कामं लिहायचा कप्पा रिकामा दिसला की परीक्षकांना ते लगेच कळतं.

एक सल्ला: लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट सोडा. काकांचा माग, आईचं विडीचं कार्ड, मामांची मार्केट यार्डातली कांद्याची अडत, असं एक खरं काम घ्या. प्रश्नांची उत्तरं पाठ करावी लागणार नाहीत.

वेळ किती लागतो, आणि खर्च?

वीस-पंचवीस मागांच्या कारखान्याला ॲनालिसिससाठी मी तीन आठवडे मागतो. मालक एक देतात. आम्ही दोनवर येतो. खर्च कामावर आहे, फोनवर सांगत नाही.

नवीन सिस्टिम सुरू झाली की जुन्या वह्या लगेच बंद करायच्या का?

नको. निदान एक महिनाअखेर दोन्ही चालवा आणि आकडे ताडून बघा. दुप्पट कामाची कुरकुर होईल, ती रास्तच आहे, म्हणून आधीच त्या महिन्यापुरता एक जादा माणूस मागून घ्या. दिवाळीच्या ऑर्डरींच्या तोंडावर मात्र काहीही नवीन सुरू करू नका.

जॉबरची डायरी तरी बंद झाली का?

नाही झाली. बिमांचा स्क्रीन मी डायरीच्याच क्रमाने मांडला: आधी माग, मग ग्राऊंडचा आकडा, मग पाईलचा. जॉबर अजून आधी डायरीत लिहितो आणि पाळी संपली की ऑफिसातल्या पोराला वाचून दाखवतो. तेलकट हाताने टॅबलेट धरायला तो तयार नाही आणि मीही आग्रह केला नाही. स्टॉक आता बहुतेक जुळतो.

डायरीच्या शेवटच्या पानावर मात्र मागाचा नंबर नसलेले आकडे दर आठवड्याला वाढताना दिसायचे. मला वाटलं, आणखी एक साठा सुटला. विचारलं, तर मामा हसले. पोरीच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे होते ते. कॉन्टेक्स्ट डायग्राममध्ये मी काही बदल केला नाही.